पाटणचा गणितमठ आणि भास्कराचार्य



आपल्या जळगाव-धुळ्याकडची मुलं इंजिनिअरिंगला गेली की 'महासंगणक' हा शब्द कधी ना कधी कानावर येतोच. पुलावर किती ताण येतो, पंख्याच्या पात्यावरून हवा कशी वाहते, हे तपासायचं तर त्या वस्तूचे लाखो बारीक तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्याचं गणित सोडवावं लागतं. साध्या संगणकाला त्यासाठी कित्येक दिवस लागू शकतात. महासंगणक तेच काम हजारो प्रोसेसरांमध्ये वाटून टाकतो. मुलांना वाटतं, ही मोठ्या शहरांची कामं, आपल्या खानदेशाचा त्यात काय संबंध? असं कोणी म्हणालं, तर त्याला भास्कराचार्यांचं चरित्र जरूर सांगा.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. हे साल त्यांनी स्वतःच ग्रंथात नोंदवून ठेवलं आहे. गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जलवीड. ते नेमकं कोणतं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण चाळीसगावजवळच्या पाटणशी या घराण्याचं नातं होतं, याला दगडावर कोरलेला पुरावा आहे. वडील महेश्वर हे नावाजलेले ज्योतिर्विद आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू. म्हणजे पहिली शाळा घरातच होती.

वयाच्या ३६ व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. 'लीलावती'त भुंगे, हंस, मोर आणि साप यांची शाब्दिक उदाहरणं आहेत. मुलीचा लग्नमुहूर्त चुकला म्हणून हा ग्रंथ लिहिला, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. वर्गात सांगा, पण ती दंतकथा आहे हेही सांगा.

आता त्यांच्या 'बीजगणिता'तलं एक कोडं पाहा. अशी संख्या शोधा की तिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला, तर उत्तर पुन्हा पूर्ण वर्गच येईल. दिसायला सोपं आहे ना? सगळ्यात लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०! एकापासून सुरुवात करून दर सेकंदाला एक संख्या तपासली, तर न झोपता सात वर्षांहून जास्त काळ लागेल. भास्कराचार्यांनी मात्र चक्रवाल पद्धतीने हे मोजक्या पायऱ्यांत सोडवलं. ही पद्धत त्यांच्या आधीपासून होती, त्यांनी ती नीट मांडली. पुढे १६५७ मध्ये फ्रान्सच्या फर्माने हेच कोडं युरोपातल्या गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून टाकलं.

गोलाचं पृष्ठफळ काढतानाही त्यांनी अशीच युक्ती केली. आवळ्यावर उभ्या रेषा असतात ना, तसे गोलाचे उभे काप कल्पले. मग एका कापाचे लहान लहान पट्टे करून त्यांची बेरीज केली. अवघड आकार तुकड्यांत मोडायचा आणि मग जोडायचा, हेच आजचा इंजिनिअर महासंगणकावर करतो. यंत्र बदललं, पण विचाराची दिशा तीच आहे.

६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिला. ग्रहांची स्थिती कमी आकडेमोडीत कशी काढावी, याचं हे हातपुस्तक. कित्येक शतकं पंचांगकर्ते ते वापरत राहिले. विद्वानांसाठी मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाने रोज गणित करणाऱ्यांसाठीही एक सोपं साधन दिलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी होता. नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ काढला. इ.स. १२०७ च्या सुमारास निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. तो शिलालेख पाटणला सापडला. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि बाजारातल्या मालावरचा, तेलाच्या घाण्यावरचा वाटा मठाला द्यावा असं त्यात नमूद आहे. म्हणजे व्यापारी आणि तेली यांच्या कमाईवर गणिताचा अभ्यास चालत होता. एकट्याला न परवडणारं ज्ञानाचं साधन गावाने मिळून सांभाळलं.

आजचे महासंगणकही असेच सगळ्यांच्या पैशातून उभे राहतात. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' बनवला. २०१५ मध्ये राष्ट्रीय महासंगणन अभियान सुरू झालं. देशातल्या शिक्षण आणि संशोधन संस्थांना ही ताकद मिळावी, हा त्याचा हेतू. महासंगणक वापरायला त्याच्या शेजारी बसावं लागत नाही, नेटवर्कवरून दुरूनही काम पाठवता येतं. मग आपल्या जिल्ह्यातल्या मुलांच्या आड अंतर येण्याचं कारण नाही. पण काम पाठवणाऱ्याला पद्धत कळली पाहिजे. नाहीतर सात वर्षांचं काम यंत्र थोडं लवकर करेल, एवढंच.

तेव्हा सुट्टीत मुलांना पाटणादेवीला नेलंत, तर देवदर्शनाबरोबर या मठाचीही गोष्ट सांगा. आणि वर्गात ६१ ऐवजी २ घेऊन तेच कोडं घाला. उत्तर मुलांनाच शोधू द्या. उत्तर सापडलं की विचारा : प्रत्येक संख्या तपासलीस, की काही युक्ती केलीस?