खोल डोहातील गणितशिक्षक : शेक एक्सली

थोरांची चरित्रे आपण नेहमीच वाचतो. राजे, संत, समाजसुधारक आणि शास्त्रज्ञ यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे व ते योग्यच आहे. या लेखात मात्र ज्यांचा परिचय करून द्यावयाचा आहे ते यांपैकी कोणीही नव्हते. ते एका लहानशा गावच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवीत आणि सुटी मिळाली की पाण्याने भरलेल्या काळोख्या विवरांत उतरत. त्यांचे नाव शेक एक्सली. नाव वाचून कोणी त्यांना शेख समजू नये. ते अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याचे. क्रिकेटच्या जगात ब्रॅडमन यांचे जे स्थान, तेच पाण्याखालच्या गुहांत उतरणाऱ्यांच्या जगात शेक एक्सली यांचे आहे.

त्यांचा जन्म १ एप्रिल १९४९ रोजी झाला. १९६५ साली, म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून पहिली बुडी घेतली आणि त्याच वर्षी ते पाण्याखालच्या गुहेत शिरले. पुढील एकोणतीस वर्षे हा नाद सुटला नाही.

आता आपण विचाराल की, पाण्याखाली गुहा कोठून आली? फ्लोरिडाची जमीन चुनखडीची आहे. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि असे पाणी हजारो वर्षे मुरत राहिले की चुनखडी विरघळून आत पोकळ्या तयार होतात. कधी त्या पोकळीचे छत कोसळते. मग वर दिसतो तो एक गोल, खोल, गोड्या पाण्याचा डोह. आणि त्या डोहाच्या पोटातून बोगदे फुटून मैलोगणती पसरलेले असतात. आपल्या महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या पाषाणाचा असल्यामुळे असे डोह आपल्याला परिचित नाहीत. चुनखडी आहे ती चंद्रपूर-यवतमाळकडे, आणि तिचा उपयोग आपण सिमेंटसाठी करतो.

या डोहांचे पाणी काचेसारखे स्वच्छ असते. घात होतो तो तेथेच. समुद्रात बुडालेल्या माणसाला निदान वर पाहिले तर प्रकाश दिसतो. गुहेत वर पाहिले तर दगडाचे छत. तळाला साचलेला बारीक गाळ पायाच्या एका फटकाऱ्याने उठला की हातातला दिवासुद्धा दिसेनासा होतो आणि आलेली वाट कोणती हे कळत नाही. फ्रान्सचे विख्यात कुस्तो, ज्यांनी गान्यां या अभियंत्याबरोबर १९४३ साली पाठीवरचे श्वसनयंत्र तयार केले, तेही १९४६ साली व्होक्ल्यूझच्या झऱ्यात मरता मरता वाचले. हवा भरणाऱ्या यंत्राने स्वतःचाच धूर आत ओढला होता व सिलिंडरमध्ये विषारी वायू भरला गेला होता. इतक्या जाणत्या माणसाची ही गत, तर हौशी पोरांची काय कथा! १९६० व १९७० च्या दशकांत फ्लोरिडाच्या गुहांत दरवर्षी अनेक तरुण बुडून मेले. कित्येक जण पट्टीचे पोहणारे होते. काही तर समुद्रातील बुडीचे शिक्षक होते.

या मृतांना बाहेर काढण्यासाठी ज्यांना बोलावले जाई त्यांत शेक एक्सली प्रमुख होते. येथे त्यांच्यातील शिक्षक जागा झाला असे मला वाटते. प्रत्येक मृत्यू दुर्दैवाच्या खात्यावर टाकून ते मोकळे झाले नाहीत. दोर होता काय, सिलिंडरमध्ये हवा किती उरली होती, किती खोलीवर होते, हे त्यांनी एकेका प्रसंगाबाबत तपासले. १९७९ साली त्यांनी एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात एकेका जीवघेण्या प्रसंगावरून एकेक नियम काढून दाखविला होता. सारांश असा की, गुहेत मरणारे बहुतेक तीनच कारणांनी मरत होते. एक, बाहेरच्या उघड्या पाण्यापर्यंत अखंड जाणारा मार्गदर्शक दोर त्यांनी लावलेला नसे. दोन, परतीसाठी पुरेशी हवा राखलेली नसे. तीन, साध्या हवेवर ते सुमारे ४० मीटरपेक्षा खोल गेलेले असत, जेथे नायट्रोजनची नशा चढते व बुद्धी काम करीत नाही. गुहेच्या राक्षसी प्रवाहाने किंवा अज्ञात भुताने कोणी ओढून नेले नव्हते. पुढे पुरेशा प्रशिक्षणाचा व तीन दिव्यांचा नियम इतरांनी त्यात जोडला.

हवेचा नियम अगदी तिसरी-चौथीच्या अपूर्णांकाचा आहे. हवेचे तीन सारखे भाग करावेत. एक भाग आत जाण्यासाठी. एक परत येण्यासाठी. तिसऱ्या भागाला हात लावायचा नाही. तो अडचणीसाठी, आपल्या नव्हे तर जोडीदाराच्या. त्याचा सिलिंडर अगदी आतल्या टोकाला बंद पडला तर दोघांना एकाच सिलिंडरवर बाहेर यावे लागेल, हा त्यामागील हिशेब आहे. त्यासाठी श्वास घेण्याचे दुसरे तोंड लांब नळीसह जवळ बाळगण्याची पद्धतही रुळविण्यात शेक यांचा मोठा वाटा होता. नियम सारेच त्यांनी शोधले असे नाही. पण पुराव्यानिशी पटवून दिले ते त्यांनी. १९७४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय गुहासंशोधन संस्थेत पाण्याखालील गुहांसाठी वेगळा विभाग निघाला, त्याचे ते पहिले अध्यक्ष झाले. आज फ्लोरिडातील पुष्कळ गुहांच्या तोंडाशी, पाण्याखालीच, यमदूताचे चित्र असलेले फलक उभे आहेत. प्रशिक्षण नसेल तर येथून परत फिरा, असे ते बजावतात.

वाचकहो, हे सारे आपल्यापासून फार दूरचे वाटत असेल. पण तिरोड्याचे आपण लोक पाण्याच्या शेजारीच राहतो. वैनगंगा आहे, बोदलकसा आणि चोरखमारा यांसारखे मोठे तलाव आहेत, गावोगाव बोड्या आहेत, गिट्टीच्या खदानींत पावसाचे पाणी भरते. सुटीच्या दिवसांत पोरे तेथे उड्या घेतात. कोणी बुडाला की ढीवर बांधवांना हाक मारली जाते, ते बिचारे जीव धोक्यात घालून प्रेत काढतात, गाव दोन दिवस हळहळते, आणि त्या पाण्याने बळी घेतला असे म्हणून विषय संपतो. एक बुडू लागला म्हणून दुसरा उडी घेतो व दोघेही जातात, हेही नेहमीचेच. काठावर साधा दोर होता काय, गाळ किती होता, काठापासून कितव्या पावलावर पाणी एकदम खोल झाले, हे विचारून वहीत लिहून ठेवणारा माणूस आपल्यात विरळा. शेक यांनी जे केले ते एवढेच होते, आणि त्याने किती आईबापांची मुले घरी परतली याची गणती कोणी करू शकणार नाही.

त्यांचा उदरनिर्वाह शाळेवर होता. फ्लोरिडाच्या उत्तर भागातील लाइव्ह ओक या गावी सुवानी हायस्कूलमध्ये ते गणित शिकवीत. वयाच्या तेविसाव्या वर्षीच त्यांच्या एक हजार गुहा-बुड्या पूर्ण झाल्या होत्या. असे करणारे ते पहिलेच. आयुष्यभरात ही संख्या चार हजारांवर गेली. पाण्याखालच्या बोगद्यांत किलोमीटरच्या किलोमीटर आत जाऊन त्यांनी मोजमापे घेतली, नकाशे काढले.

मग ओढ लागली खोलीची. येथे थोडे गणित करू या. पाण्यात दर १० मीटरला एक वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे २७० मीटरवर पृष्ठभागाच्या २८ पट दाब. तेथे प्रत्येक श्वासाला वायूही २८ पट लागतो. मिनिटाला २० लिटर श्वास घेणाऱ्या माणसास तेथे ५६० लिटर लागतील, आणि २४०० लिटर वायू मावणारा नेहमीचा सिलिंडर सव्वाचार मिनिटांत संपेल. एवढ्या खोलीवर साधी हवा घेताच येत नाही. नायट्रोजनने शुद्ध हरपते व प्राणवायूही विष होतो. म्हणून दोन्ही कमी करून त्यांत हेलियम मिसळतात. पण हेलियमवर फार वेगाने फार खोल गेले की हात थरथरतात, नजर फिरते. आणि वर येणे हा तर वेगळाच प्रश्न. गोटी सोड्याची गोटी दाबली की जसे बुडबुडे फसफसतात, तसे घाईने वर आल्यास रक्तात बुडबुडे होतात. थांबत थांबत कसे वर यावे याचे कोष्टक जॉन स्कॉट हाल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ साली प्रथम मांडले. त्यांचे पुत्र जे. बी. एस. हाल्डेन पुढे भारतात येऊन भारताचे नागरिक झाले व १९६४ साली भुवनेश्वरला वारले. ज्ञानाचे धागे कोठून कोठे जातात पाहा! या कोष्टकांमुळेच खोल डोहात उतरायला मिनिटे लागतात आणि वर यायला तासांमागून तास.

१९८३ साली जर्मनीचे योखेन हाझेनमायर व्होक्ल्यूझच्या त्याच झऱ्यात २०५ मीटरपर्यंत गेले होते. शेक यांनी १९८८ मध्ये मेक्सिकोतील मान्ते नदीच्या उगमात २३८ मीटर गाठले आणि पुढल्याच वर्षी २६४ मीटर. त्याच १९८९ साली हाझेनमायर ऑस्ट्रियातील एका सरोवरातून वर येताना अपंग झाले. नंतर ते लहानशा पाणबुडीत बसून गुहांचा शोध घेत राहिले. १९९३ मध्ये शेक दक्षिण आफ्रिकेतील बुशमन्सगाट या डोहात २६३ मीटर उतरले. त्या वेळी त्यांचे अंग थरथरले, डोळ्यांपुढे दृश्य विस्कटले. ही सूचना होती. माझ्या अल्पमतीला वाटते की, दुसऱ्या कोणाच्या वहीत त्यांनी ही नोंद वाचली असती तर खाली लाल शाईने रेघ ओढली असती.

मेक्सिकोच्या तामाउलिपास प्रांतात साकातोन नावाचा डोह आहे. पाणी कोमट, गंधकाचे, आणि पृष्ठभागावर गवताची बेटे तरंगत असतात. गवताला तिकडे साकाते म्हणतात, त्यावरूनच हे नाव. ६ एप्रिल १९९४ रोजी शेक एक्सली आणि टेक्सासचे जिम बोडेन हे दोघे वेगवेगळ्या दोरांवरून एकाच वेळी खाली निघाले. एक हजार फूट, म्हणजे ३०५ मीटर, गाठावयाचे होते. बोडेन यांनी वाटेत वायू पाहिला. तो हिशेबापेक्षा कमी होता. ते २८२ मीटरवरून माघारी फिरले व अनेक तासांनी जिवंत वर आले. शेक यांच्या बाजूचे बुडबुडे मात्र दिसेनासे झाले. मेरी एलन एकहॉफ, ज्या स्वतः नामांकित गुहा-पाणबुड्या व शेक यांच्या निकटच्या, त्या शोध घेत खाली गेल्या, पण हाती काही लागले नाही. तीन दिवसांनी शेक यांचा दोर वर ओढला तेव्हा त्यांचे शरीर त्याला वेढलेल्या अवस्थेत आले. खोली-मापकावर २६८ मीटरचा आकडा होता. त्यांना पंचेचाळीस वर्षे पूर्ण होऊन पाचच दिवस झाले होते. नेमके काय घडले हे ठरविता आले नाही. आपल्या प्रेतासाठी दुसऱ्या कोणाला खाली उतरावे लागू नये म्हणून त्यांनी अखेरच्या क्षणी दोर स्वतःभोवती गुंडाळला असावा, असाही तर्क केला गेला. ज्या माणसाने तारुण्यापासून दुसऱ्यांची प्रेते वर आणली त्याच्याबाबत हा तर्क अशक्य वाटत नाही.

नियम लिहिणाराच गेला, मग नियमांना काय अर्थ, असे कोणी म्हणेल. मला हे पटत नाही. त्यांचे नियम गुहेत शिरणाऱ्या सामान्य माणसासाठी होते व ते आजही जगभर शिकविले जातात. साकातोनमध्ये ते अशा ठिकाणी गेले जेथे कोणतेच नियम अजून लिहिले गेले नव्हते. तेथे जाणे आवश्यक होते काय? माझ्या मते नव्हते. बोडेन यांनी मोजमाप पाहून पाठ फिरविली, त्या क्षणाला मी अधिक गुण देईन.

शेक यांचे आत्मवृत्त १९९४ सालीच, त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले. साकातोनचा तळ मात्र २००७ पर्यंत कोणाला ठाऊक नव्हता. त्या वर्षी अमेरिकेच्या अंतराळसंस्थेच्या साहाय्याने बनविलेले एक स्वयंचलित यंत्र, आत माणूस नसलेले, ध्वनिलहरींनी भिंती चाचपत डोहात उतरले. तळ ३१९ मीटरवर निघाला, म्हणजे शेक यांच्या मापकावरील आकड्याच्या आणखी एक्कावन मीटर खाली.