कै. लक्ष्मीबाई टिळक : उतारवयांत बहरलेली लेखणी

वय वाढलें कीं बुद्धि मंदावते व लेखणी थकते, असा समज सर्वत्र आढळतो. आमच्या चंदगडांतील कित्येक पालकहि आपलें शिकण्याचें वय सरलें असें म्हणून मोकळे होतात. हा समज कितपत खरा आहे, हें पाहण्याकरितां आम्ही कै. लक्ष्मीबाई टिळक यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों.

लक्ष्मीबाईंचा जन्म सन १८६८ मध्यें नाशिकजवळील जलालपूर येथें झाला. लहानपणींच कवि नारायण वामन टिळक यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. त्यांना शाळा ठाऊक नव्हती; पतीच्या आग्रहानें त्या लिहावयास-वाचावयास शिकल्या, तेंहि बेताचेंच. १८९५ सालीं टिळकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हां बाईंवर आकाशच कोसळलें. कांहीं वर्षें पतिवियोगांत काढल्यावर, स्वतः विचार करून त्यांनींहि तोच मार्ग धरला.

१९१९ सालीं टिळक निवर्तले व त्यांचें ख्रिस्तायन हें महाकाव्य अपुरें राहिलें. पन्नाशी ओलांडलेल्या बाईंनीं तें कार्य शिरावर घेतलें आणि त्याचे बहुतेक अध्याय स्वतः रचले. पुढें साठी उलटल्यावर, पुत्र देवदत्त यांच्या प्रोत्साहनानें त्यांनीं स्मृतिचित्रें हें आत्मचरित्र लिहिलें. १९३४ पासून तें भागशः प्रसिद्ध होऊं लागलें. १९३६ सालीं बाईंचें देहावसान झालें. मराठींतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्याची गणना होते.

वार्धक्य कांहींच हिरावून नेत नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. नांवें चटकन आठवत नाहींत, शब्द ओठांशीं येऊन अडतो. परंतु शब्दांचा सांठा साठीपर्यंत व पुढेंहि बहुधा टिकून राहतो, कित्येकांचा तर वाढतोहि. शिवाय दुःखाकडे हंसून पाहण्याची दृष्टि काळच देतो. हीच कथा बाईंनीं तरुणपणीं लिहिती, तर तो कदाचित् विलाप झाला असता. उतारवयांत लिहिली म्हणून ती हंसवून रडविते. आणि तिची भाषा पोथींतली नव्हे, चुलीपुढची आहे.

विद्यार्थ्यांनो, आपल्या घरच्या आजीजवळहि चंदगडी बोलींतील असे कितीतरी शब्द व आठवणी आहेत. तिला लिहितां येत नसेल, पण तुम्हांस येतें. येत्या सुटींत वही घेऊन तिच्याजवळ बसा. आणि पालकहो, मुलांच्या हातची पाटी एकदां आपणहि मागून घ्या. उशीर झाला असें म्हणण्यापूर्वीं लक्ष्मीबाईंचें वय आठवावें, एवढीच आमची विनंति आहे.