प्रमथनाथ बोस : लोखंड शोधणारा आणि लोखंडी युगाला प्रश्न विचारणारा शिक्षक

भिलाई : भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. तिला लागणारे लोहखनिज सुमारे ९० किलोमीटरवरील दल्ली-राजहराच्या टेकड्यांतून आले. या टेकड्यांतील खनिजाची शास्त्रीय नोंद त्यापूर्वी सात दशके, १८८७ मध्ये, भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी केली होती.

बोस यांचा जन्म १२ मे १८५५ रोजी बंगालमधील गैपूर या गावी झाला. १८७४ मध्ये गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनला गेले. तेथे विज्ञानाची पदवी आणि रॉयल स्कूल ऑफ माइन्सचे शिक्षण पूर्ण करून १८८० मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात रुजू झाले. या विभागात वरिष्ठ श्रेणीत नेमल्या गेलेल्या पहिल्या काही भारतीयांत त्यांची गणना होते.

नर्मदा खोऱ्यातील कामानंतर ते छत्तीसगडात आले. तत्कालीन रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागाविषयीच्या टिपणात त्यांनी केवळ खडकांची नोंद केली नाही. तेथील पारंपरिक लोखंड उद्योगाचाही अभ्यास केला. खनिज आणि ते वितळवणारा कारागीर हे दोन्ही त्यांच्या दृष्टीने अभ्यासाचे विषय होते.

ज्ञानशाखांमधील भिंती त्यांनी आयुष्यभर मानल्या नाहीत. एशियाटिक सोसायटीच्या शताब्दी ग्रंथात राजेंद्रलाल मित्र आणि हॉर्नले या विद्वानांसमवेत त्यांनी निसर्गविज्ञानाचा भाग लिहिला. १८८६ मध्ये बंगालमधील तांत्रिक व वैज्ञानिक शिक्षणावर पुस्तिका प्रसिद्ध केली. १८९४ ते १८९६ या काळात ब्रिटिश राजवटीतील हिंदू संस्कृतीचा इतिहास तीन खंडांत सिद्ध केला. त्यात धर्म व समाजाबरोबरच देशी कला आणि उद्योगांचाही विचार होता.

१९०३ मध्ये सेवेने कनिष्ठ असलेल्या थॉमस हॉलंड यांना विभागाचे प्रमुखपद देण्यात आले, तेव्हा बोस यांनी सेवा सोडली. पुढे मयूरभंज संस्थानात काम करताना तेथील लोहसाठ्यांची माहिती त्यांनी २४ फेब्रुवारी १९०४ च्या पत्राने जमशेटजी टाटा यांना कळवली. त्या सुमारास टाटांचा शोध चांद्याजवळील लोहारा आणि दल्ली-राजहरा या भागांत चालू होता. अखेर बंगालच्या कोळशाजवळचे मयूरभंजचे खनिज निवडले गेले आणि साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, कारखाना उभा राहिला. दल्ली-राजहराला मात्र भिलाईची वाट पाहावी लागली.

स्वदेशी चळवळीच्या भरात, १९०६ मध्ये, बेंगॉल टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तिचे पहिले प्राचार्यपद बोस यांच्याकडे आले. आजच्या जादवपूर विद्यापीठाच्या मुळाशी असलेल्या संस्थांपैकी ही एक. कारखाने हवेत तर ते चालवणारी माणसे येथेच घडली पाहिजेत, ही त्यांची धारणा होती.

त्यांच्या जीवनाचे खरे वेगळेपण उत्तरायुष्यात दिसते. रांचीत स्थायिक झाल्यावर, ज्या उद्योगयुगाची पायाभरणी त्यांनी केली, त्याच्याच मर्यादांवर ते लिहू लागले. १९१३ मध्ये संस्कृतीच्या टप्प्यांवरील, १९१६ मध्ये नव्या भारताच्या भ्रमांवरील आणि १९२९ मध्ये सांस्कृतिक व राजकीय स्वराज्यावरील त्यांचे ग्रंथ आले. नैतिक संयमाविना होणारी भौतिक वाढ म्हणजे संस्कृतीची परिपक्वता नव्हे, हा त्यांचा निष्कर्ष होता. काहींना तो माघारीचा सूर वाटणे शक्य आहे. परंतु खडक, भट्टी, कारागीर आणि इतिहास एकत्र पाहणाऱ्याला हा प्रश्न टाळता आला नाही, असेही म्हणता येईल. १९३४ मध्ये रांची येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र मधू बोस पुढे चित्रपट दिग्दर्शक म्हणून नावारूपाला आले.

आज दल्ली-राजहराचा साठा ओसरत चालला असून कारखान्याची भिस्त रावघाटच्या वनाच्छादित डोंगरांवर आहे. २०१६ मध्ये स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्थाही भिलाईत कार्यरत आहे. डोंगरातील खनिज किती, हे विज्ञान सांगते. ते कसे काढावे, हे तंत्रज्ञान. मात्र ते काढल्यावर जंगल, कारागिरी आणि माणसे यांचे काय होते, हा प्रश्न त्याच वर्गात शिकवला जावा की नाही, याचे उत्तर बोस यांच्या आयुष्याने एका शतकापूर्वीच दिले आहे.