संशोधक विद्यार्थी भीमराव

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्या मुलांना मुखोद्गत असते. त्या पदव्या मिळवीत असतानाच त्यांनी आणखी काय काय हस्तगत केले, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. पीएच.डी.ची स्वप्ने पाहणारी मुले आता आपल्या वस्त्यांतूनही आहेत, म्हणून आम्ही त्यांच्या चरित्रातील हाच भाग येथे निवडला आहे.

श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. मुख्य विषय अर्थशास्त्र. तरीही ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राचे अध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी जातींच्या उगमावर निबंध वाचला. पुढील वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापूनही आला. आपल्या विषयाचे कुंपण ओलांडून दुसऱ्या वर्गात बसण्याचे हे धारिष्ट आम्हांस पदवीइतकेच मोलाचे वाटते.

त्याच वर्षी ते लंडनला गेले. दिवस लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे, आणि जोडीला ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये परतावे लागले. मागाहून येणारा ग्रंथसंग्रह महायुद्धात जहाजासह बुडाला. बडोद्यात अधिकाराची नोकरी होती, पण राहावयास जागा कोणी देईना. नोव्हेंबर १९१८ पासून त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अध्यापन केले, पै पै साठविली. शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले पाच हजारांचे कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोहोचले. मागे रमाबाई अपुऱ्या पैशांत संसार ओढीत होत्या; त्यांचा वाटा कोणत्या पदवीपत्रावर लिहायचा?

१९२१ मध्ये एम.एस्सी. झाली, १९२२ मध्ये बॅरिस्टरी. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध मात्र परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. त्यांनी तो मुंबईहून सुधारून पाठविला आणि १९२३ च्या अखेरीस डी.एस्सी. मिळाली. प्रबंध ग्रंथरूपाने निघाला तेव्हा मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांनी आपला मतभेद राखूनच प्रस्तावना लिहिली. असा गुरू लाभणेही भाग्याचे! कोलंबियाचा तर नियमच होता की, प्रबंधाच्या छापील प्रती दिल्याशिवाय पदवी नाही. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील तो प्रबंध १९२५ मध्ये छापला गेला आणि पीएच.डी. १९२७ मध्ये हाती आली. दरम्यान, १९२५ मध्येच चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे त्यांची तज्ज्ञ म्हणून साक्ष झाली होती.

आपल्या जिल्ह्याने या अभ्यासाचे फळ १९३९ च्या डिसेंबरात पाहिले. श्रीरामपूरजवळच्या हरेगावी वतनदार महार-मांगांची परिषद भरली. सरकारी महसुलावर लंडन-न्यूयॉर्कमध्ये प्रबंध लिहिणारा तो अर्थशास्त्रज्ञ तेथे गावकामगारांच्या वतनी जमिनींवरील वाढीव आकारणीविषयी बोलण्यास उभा राहिला.