कोलाहलातून निखळ स्वर : क्लॉड शॅनन

उंची ध्वनियंत्रणेचा शौक असणाऱ्या घरांत अलीकडच्या काळात एक नवाच वाद रंगू लागला आहे. पूर्वी तबकडीवरची सुई, ॲम्प्लिफायरमधील व्हॉल्व्ह आणि स्पीकरची तार यांवरून जी भांडणे होत, त्यांच्या जोडीला आता घरातले नेटवर्क येऊन बसले आहे. गाणी संगणकाच्या साठवणीत किंवा कोठेतरी दूरच्या सर्व्हरवर असतात. राउटर, स्विच आणि तार असा प्रवास करून ती दिवाणखान्यातील यंत्रापाशी पोहोचतात. मग ही तार बदलली तर आवाज अधिक मोकळा होतो का? साध्या स्विचच्या जागी खास संगीतासाठी म्हणून विकला जाणारा महागडा स्विच बसवला, तर तानेतील दाणे अधिक स्वच्छ ऐकू येतात का? ऐकू येतात, असे शपथेवर सांगणारे रसिक आहेत आणि त्यांची थट्टा करणारे अभियंतेही आहेत. या वादातील दोन्ही पक्ष ज्याने घातलेल्या पायावर उभे राहून भांडतात, त्या माणसाचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. ते नाव क्लॉड एलवूड शॅनन.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात पेटॉस्की येथे ३० एप्रिल १९१६ रोजी शॅनन यांचा जन्म झाला. बालपण गेले ते जवळच्याच गेलॉर्ड या लहानशा गावात. वडील व्यापारी आणि पुढे न्यायाधीश, तर आई भाषांची शिक्षिका आणि गावच्या शाळेची मुख्याध्यापिका. घरात पुस्तके होती, कोडी होती आणि मोडक्या यंत्रांना तोटा नव्हता. अर्ध्या मैलावर राहणाऱ्या मित्राशी बोलता यावे म्हणून लहानग्या क्लॉडने शेताच्या कुंपणाच्या काटेरी तारेचाच उपयोग करून तारायंत्र उभारले. गुरे अडवण्यासाठी ठोकलेली ती तार संदेश नेण्यासाठी घडवलेली नव्हती. तरीही पलीकडच्या टोकाला संदेश बिनचूक पोहोचत असे, कारण तेथे फक्त दोन खुणांमधला फरक ओळखायचा होता : लांब ठोका की आखूड ठोका. तारेच्या अंगचा सारा दरिद्रीपणा त्या फरकाआड दडून जाई. मुलाने तेव्हा हा विचार केला असेल असे नव्हे, पण त्याचे पुढचे आयुष्य याच गोष्टीच्या मागे गेले.

मिशिगन विद्यापीठातून १९३६ मध्ये शॅनन यांनी विद्युत अभियांत्रिकी आणि गणित अशा दोन पदव्या मिळवल्या. त्यानंतर सूचनाफलकावरील एका जाहिरातीने त्यांना एमआयटीत नेले. तेथे व्हॅनेवर बुश यांचे एक अवाढव्य गणनयंत्र होते. दांडे, चाके आणि दातेरी चक्रे यांच्या फिरण्यातून ते समीकरणे सोडवी. दांडा किती फिरला, तेवढे उत्तर. साहजिकच चाक जरासे घसरले की उत्तरही तेवढेच घसरे. याच यंत्राचे नियंत्रण मात्र शंभरएक रिले करीत, आणि रिलेला दोनच अवस्था ठाऊक असतात, चालू किंवा बंद. महाविद्यालयात तत्त्वज्ञानाच्या तासाला शिकलेले जॉर्ज बूल यांचे तर्काचे बीजगणित आणि हे रिले यांचे नाते शॅनन यांच्या ध्यानी आले. १९३७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी लिहिलेल्या प्रबंधाने विद्युतमंडलांच्या रचनेला तर्कशास्त्राची भाषा दिली. आजच्या प्रत्येक संगणकाचा पाया त्या प्रबंधात आहे. एखाद्याने एवढ्यावरही आयुष्य कृतार्थ मानले असते.

१९४१ मध्ये शॅनन बेल लॅब्स या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. युद्ध सुरू होते. वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यामधील संभाषण शत्रूच्या कानी पडू नये म्हणून तेथे एक गुप्त यंत्रणा आकाराला येत होती. तिचे नाव ‘सिगसॅली’. ही यंत्रणा आवाजाचे अंकांत रूपांतर करी, ते अंक कूटबद्ध करून धाडी आणि पलीकडे त्यांतून पुन्हा आवाज उभा करी. १९४३ साली ती सुरू झाली तेव्हा तिचे वजन सुमारे ५५ टन होते. ही योजना सैद्धांतिक दृष्ट्या अभेद्य आहे की नाही, हे तपासणाऱ्यांत शॅनन होते. त्याच वर्षाच्या आरंभी ब्रिटिश गणिती ॲलन ट्युरिंग बेल लॅब्समध्ये आले होते. दोघे चहाच्या वेळी भेटत, गप्पा मारत, पण आपापल्या गुप्त कामाविषयी अवाक्षरही काढू शकत नसत.

आवाजाचे अंक करण्याची कल्पना शॅनन यांची नव्हे. पॅरिसमध्ये काम करणारे ब्रिटिश अभियंते ॲलेक रीव्ह्ज यांनी ती १९३७ च्या सुमारास मांडली होती. तिची निकड समजून घ्यायची तर त्या काळच्या लांब पल्ल्याच्या टेलिफोनकडे पाहायला हवे. तारेतून जाताना आवाजाची लहर क्षीण होते, म्हणून वाटेत ठिकठिकाणी तिला बळ द्यावे लागते. परंतु बळ देणारे यंत्र आवाजाबरोबर वाटेत शिरलेल्या खरखरीलाही बळ देते. पुढच्या टप्प्यावर आणखी खरखर मिसळते आणि तीही वाढते. लहरीच्या जागी शून्य आणि एक यांचे ठोके पाठवले की चित्र पालटते. प्रत्येक टप्प्यावर यंत्राला एवढेच ठरवायचे असते, की आलेला ठोका शून्य होता की एक. ते ठरले की मळलेला ठोका टाकून द्यायचा आणि नवा, स्वच्छ ठोका पुढे पाठवायचा. खरखर तेथेच मागे राहते. १९४८ मध्ये बर्नार्ड ऑलिव्हर आणि जॉन पिअर्स या सहकाऱ्यांसह शॅनन यांनी या पद्धतीच्या तत्त्वांवर स्वतंत्र निबंध लिहिला.

पण १९४८ हे वर्ष ओळखले जाते ते दुसऱ्याच निबंधामुळे. बेल लॅब्सच्या नियतकालिकात जुलै आणि ऑक्टोबर अशा दोन भागांत शॅनन यांनी संदेशवहनाचा गणिती सिद्धांत मांडला. माहिती मोजता येते आणि तिचे एकक ‘बिट’, हे त्यातून जगाला कळले. ‘बिट’ हा शब्द त्यांचे सहकारी जॉन ट्युकी यांनी सुचवला होता. त्याहून थक्क करणारा निष्कर्ष पुढे होता. तोवर अभियंत्यांची समजूत अशी, की गोंगाटाच्या वाटेवर चुका कमी करायच्या तर वेग कमी करा किंवा शक्ती वाढवा, आणि तरीही थोड्या चुका राहणारच. शॅनन यांनी सिद्ध केले, की प्रत्येक वाटेला तिची एक ठरावीक क्षमता असते. त्या क्षमतेच्या आत राहिलात, तर गोंगाट असूनही संदेश हव्या तितक्या बिनचूकपणे नेता येतो. वाट निर्मळ असण्याची गरज नाही, संदेशाची बांधणी चतुर हवी. अशी बांधणी असते एवढेच त्यांनी दाखवले. ती प्रत्यक्ष शोधण्यात इतरांच्या पुढच्या अनेक दशकांचे श्रम खर्ची पडले.

दुसऱ्याच वर्षी, १९४९ मध्ये, त्यांनी नमुन्यांचा सिद्धांत रेखीव स्वरूपात मांडला. त्याआधी नायक्विस्ट, व्हिटेकर आणि रशियात कोतेल्निकोव्ह यांनी ही वाट चोखाळली होती. लहरीतील सर्वांत वरच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा दर सेकंदाला नमुने घेतले, तर त्या नमुन्यांतून मूळ लहर संपूर्णपणे पुन्हा उभी करता येते. डिजिटल आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असतो, दोन नमुन्यांमधले संगीत हरवते, ही तक्रार आजही रसिकांच्या तोंडी असते. या सिद्धांताने तिचे उत्तर ध्वनिचकती येण्याच्या तेहतीस वर्षे आधीच देऊन ठेवले होते. १९८२ साली सोनी आणि फिलिप्स यांची कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. तिच्यावर सेकंदाला ४४,१०० नमुने होते, कारण माणसाचा कान साधारणतः २०,००० कंपनांच्या पलीकडे पोहोचत नाही. तिच्यावरील ओरखड्यांमुळे होणाऱ्या चुका दुरुस्त करण्यासाठी १९६० साली रीड आणि सॉलोमन यांनी शोधलेली सांकेतिक बांधणी वापरली होती.

आता दिवाणखान्यातील त्या तारेकडे वळता येईल. सीडीच्या दर्जाचे संगीत सेकंदाला सुमारे १४ लाख बिट मागते. सेकंदाला १,९२,००० नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटांचा, असे अत्युच्च दर्जाचे दोन वाहिन्यांचे संगीतही ९२ लाख बिटांच्या आसपास राहते. घरातील साधी नेटवर्क तार दहा कोटी बिट सहज वाहते आणि नव्या यंत्रणांत त्याच्या दहापट. म्हणजे शॅनन यांनी आखलेल्या मर्यादेच्या कितीतरी आत आपण असतो. शिवाय नेटवर्कवरील माहिती लहान लहान पुडक्यांतून येते. प्रत्येक पुडक्याला ३२ बिटांची तपासणी-खूण जोडलेली असते. खूण जुळली नाही तर ते पुडके फेकून दिले जाते, आणि संगीत ज्या पद्धतीने बहुधा पाठवले जाते तीत ते पुन्हा मागवले जाते. पुडके एक तर जसेच्या तसे पोहोचते किंवा पोहोचतच नाही. किंचित कोमेजलेले, वरच्या स्वरांची झिलई गेलेले पुडके असा प्रकार तेथे संभवत नाही. वायफाय दुबळे असेल तर गाणे मंद होत नाही, तुटते. ज्याला शंका असेल त्याने दोन्ही टोकांच्या फाइली बिटाबिटाने ताडून पाहाव्यात. त्याला पैसेही पडत नाहीत.

पुडके वेळेवर येत नाही, त्याचे काय, असा प्रश्न यावर विचारला जातो आणि तो अडाणी नव्हे. सीडी वाजवणाऱ्या यंत्रातून अंकांचे विद्युतलहरीत रूपांतर करणाऱ्या ‘डॅक’कडे जुन्या पद्धतीची डिजिटल तार जाई, तेव्हा त्या तारेतून अंकांबरोबर घड्याळाचा ठेकाही जात असे. ठेका डळमळला की त्याचा परिणाम स्वरावर होऊ शके. अनुभवी रसिकांच्या मनात ही आठवण घट्ट बसली आहे. नेटवर्कवर मात्र पुडकी कशीही, घोळक्याने येतात. ती आधी एका साठ्यात जमा होतात आणि तेथून डॅकजवळचे घड्याळ आपल्या लयीत एकेक नमुना उचलते. तार आणि स्विच यांचा त्या लयीशी संबंध उरत नाही.

तरीही रसिकाला सरसकट वेड्यात काढणे मला पटत नाही. तार केवळ बिट नेत नाही, ती धातूची असल्याने वीजही नेते. धातूचे कवच असलेली तार दोन यंत्रांचे अर्थिंग एकमेकांना जोडू शकते. हलक्या दर्जाच्या वीजपुरवठ्याची घरघर त्या वाटेने डॅकपर्यंत पोहोचू शकते आणि तेथून पुढचा मार्ग पुन्हा जुन्या, नाजूक लहरीचा असतो. बिट शाबूत असूनही आवाज बिघडण्याची ही एक खरी शक्यता आहे. मात्र हा बिघाड स्पीकरकडे जाणाऱ्या लहरीवर मोजता येतो. नेटवर्कच्या जोडणीत विद्युत-अलगाव राखणारे छोटे ट्रान्सफॉर्मर असतातच. त्यावरही शंका राहिली तर कवच नसलेली साधी तार, वायफाय किंवा प्रकाशतंतूचा तुकडा यांनी काम भागते. सोन्याच्या भावाची तार लागत नाही.

शॅनन यांना आपल्या नावाने चाललेल्या अतिरेकाचा अनुभव हयातीतच आला. पन्नासच्या दशकात त्यांचा सिद्धांत इतका लोकप्रिय झाला, की मानसशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंत जो तो त्याची झूल पांघरू लागला. १९५६ साली त्यांनी जेमतेम एका पानाचे टिपण लिहून आपल्याच चाहत्यांना आवरले. आधी आपल्या घरातले काम चोख करा आणि काटेकोर प्रयोगावाचून मोठे दावे करू नका, असा त्याचा आशय होता. कीर्तीच्या ऐन बहरात असे लिहिणारी माणसे थोडी.

त्याच वर्षी ते एमआयटीत गेले आणि १९५८ पासून तेथेच प्राध्यापक झाले. विंचेस्टर येथील त्यांच्या घरात यंत्रांचा बाजार भरलेला असे. चक्रव्यूहातून वाट काढणारा यांत्रिक उंदीर, रोमन अंकांत हिशेब करणारे यंत्र, ज्वाळा ओकणारी तुतारी आणि एकचाकी सायकली तेथे होत्या. उंदराच्या जोडकामात १९४९ साली त्यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या बेटी यांचा हात होता. त्या स्वतः बेल लॅब्समध्ये गणनाचे काम करीत. शॅनन यांना जॅझचे वेड होते आणि ते क्लॅरिनेट वाजवीत. ज्याच्या सूत्रांवर जगाचे ध्वनिमुद्रित संगीत पुढे उभे राहिले, तो माणूस फुंकीचा आणि सुराचा संबंध ओठांनी जाणत होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

१९८५ मध्ये ब्रायटन येथे माहितीशास्त्राच्या परिषदेत ते अचानक अवतरले. सभागृहात कुजबुज पसरली, स्वाक्षऱ्यांसाठी रांग लागली. भोजनाच्या वेळी बोलायला उभे राहिल्यावर श्रोते कंटाळतील या भीतीने त्यांनी खिशातून तीन चेंडू काढले आणि ते झेलून दाखवले. त्याच साली त्यांना जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला. तोवर स्मृती दगा देऊ लागली होती. अल्झायमरने हळूहळू सारेच नेले. घरोघरी इंटरनेट पोहोचले, संगीत संगणकाच्या फाइलींतून वाहू लागले, आणि हे ज्याच्यामुळे शक्य झाले त्याला त्याची उमज पडणे कठीण झाले. ऑक्टोबर २००० मध्ये गेलॉर्ड गावाने त्यांचा पुतळा उभारला. २४ फेब्रुवारी २००१ रोजी मॅसॅच्युसेट्समधील मेडफर्ड येथे, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तो यांत्रिक उंदीर आता एमआयटीच्या संग्रहालयात आहे.