कॉलिन चॅपमन: मऊ स्प्रिंग, बोलकं स्टिअरिंग

स्पोर्ट्स कार म्हणजे कडक सस्पेन्शन, खड्ड्यात पाठ मोडणार आणि त्या बदल्यात स्टिअरिंग भारी मिळणार, असंच मला बरीच वर्षं वाटायचं. मोबाइलवरच्या रेसिंग गेममध्येही मी पहिल्यांदा सस्पेन्शनच कडक करायचो. मग लोटस कंपनी काढणाऱ्या कॉलिन चॅपमनबद्दल वाचलं आणि सगळं उलटं झालं.

चॅपमनचा जन्म 1928 चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तो स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकला, तिथेच विमान चालवायलाही शिकला. 1948 मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून त्याने पहिली स्पर्धेची गाडी बनवली, मैत्रीण हेझलच्या घरामागच्या गॅरेजमध्ये. 1952 मध्ये कंपनी काढली ती हेझलकडून 25 पौंड घेऊन. वर्कशॉप म्हणजे वडिलांच्या हॉटेलमागचा तबेला! पुढे दोघांचं लग्न झालं.

पण खरी बघण्यासारखी गाडी म्हणजे 1962 ची लोटस एलान.

स्टिअरिंगचा फील म्हणजे पुढच्या टायरची पकड किती उरलीय, ही बातमी हातापर्यंत पोचणं. टायर रस्त्याला टेकलेला असेल तरच ती पोचते. स्प्रिंग फार कडक असेल तर खडबडीत रस्त्यावर चाक उडतं, आणि हवेतलं चाक काय सांगणार, कप्पाळ? म्हणून एलानला मऊ आणि जास्त खाली-वर होणारं सस्पेन्शन दिलं. आता मऊ स्प्रिंगवर जड गाडी वळणात कलते. त्यामुळे वजनच कमी केलं. फायबरग्लासची बॉडी, मधोमध पाठीच्या कण्यासारखी पोलादी चासी, सगळं मिळून 700 किलोच्या आसपास. पुढच्या चाकांवर ओझंच कमी, म्हणून पॉवर स्टिअरिंगची गरज नाही; रस्ता थेट हातात. चासी पिळवटत नाही, त्यामुळे धक्के झेलायचं काम सस्पेन्शनच करतं. गंमत म्हणजे ही चासी आधी फक्त सस्पेन्शनच्या चाचणीपुरती केली होती, ती इतकी चांगली निघाली की तीच ठेवली. माझदाने 1989 मध्ये एमएक्स-5 आणली तेव्हा डोळ्यासमोर हीच एलान होती. (एलान अगदी निर्दोष नव्हती हां. मागच्या शाफ्टमधल्या रबरी जोडांमुळे ती क्लच सोडताना झुलायची.)

हलकेपणाची किंमत मात्र दुसऱ्यांनी मोजली. चाकाबरोबर वर-खाली होणारं वजन जितकं कमी, तितका टायर रस्त्याला चिकटून राहतो. म्हणून फॉर्म्युला वनच्या लोटस 72 मध्ये पुढचे ब्रेक चाकातून काढून गाडीच्या आत बसवले आणि शाफ्टने चाकाला जोडले. 1970 मध्ये मोन्झाला सरावात असा एक शाफ्ट तुटला आणि योहेन रिंट गेला. कडेचा लोखंडी कठडाही नीट बसवलेला नव्हता, हे खरं. पण लोटस नाजूक असते ही भीती रिंटला आधीपासून होती. त्या वर्षीचा विश्वविजेता तोच ठरला, मृत्यूनंतर. एलानचं कौतुक करताना मला हे विसरता येत नाही.

पुढे चॅपमनच्याच ग्राउंड इफेक्टमुळे रेसिंग गाड्या दगडासारख्या कडक झाल्या आणि ड्रायव्हर हाडं खिळखिळी करून घेऊ लागले. 1981 मध्ये त्याने लोटस 88 आणली. तिला दोन चासी होत्या: बाहेरची कडक, हवेचा दाब थेट चाकांवर टाकणारी, आतली मऊ, ड्रायव्हरसाठी. प्रतिस्पर्ध्यांनी आरडाओरड केली आणि तिच्यावर बंदी आली. मला विचाराल तर त्याची सगळ्यात हुशार गाडी हीच.

मग लोटसने स्प्रिंगचं काम कॉम्प्युटरकडे द्यायचं ठरवलं. सेन्सर रस्ता ओळखणार, हायड्रॉलिक जॅक चाक वर-खाली करणार. हेच ॲक्टिव्ह सस्पेन्शन. ते शर्यतीत उतरायच्या आधीच, 16 डिसेंबर 1982 ला, हार्ट अटॅकने चॅपमन गेला. वय 54. (डीलोरियनच्या पैशांच्या प्रकरणातही त्याचं नाव अडकलं होतं, तो वेगळ्या लेखाचा विषय.) 1983 मध्ये ॲक्टिव्ह लोटस ट्रॅकवर आली, आणि 1987 मध्ये मोनाकोच्या गल्लीबोळांतून तशीच लोटस चालवत सेना जिंकला.