मादाम क्युरी

७ नोव्हेंबर १८६७ रोजी पोलंडमधील वॉर्सा शहरात एका शिक्षक दांपत्याच्या पोटी मान्या स्क्लोदोव्स्का हिचा जन्म झाला. तेव्हा वॉर्सावर रशियाची सत्ता होती आणि तेथील विद्यापीठाची दारे स्त्रियांना बंद होती. शाळेत सुवर्णपदक मिळवूनही मान्याची पुढची वाट अडली. मात्र तिने शिक्षण सोडले नाही. सरकारची नजर चुकवून निरनिराळ्या घरांत भरणाऱ्या वर्गांत ती शिकत राहिली. थोरल्या बहिणीला पॅरिसमध्ये वैद्यकीय शिक्षण घेता यावे, म्हणून तिने अनेक वर्षे परक्यांच्या घरी मुलांना शिकवण्याची नोकरी केली.

अखेर १८९१ मध्ये ती पॅरिसला पोहोचली. थंडी आणि अर्धपोटी दिवस सोसत तिने अभ्यास केला. १८९३ मध्ये पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत ती पहिली आली. १८९५ मध्ये शास्त्रज्ञ पिएर क्युरी यांच्याशी विवाह होऊन ती मेरी क्युरी झाली.

युरेनियममधून आपोआप किरण बाहेर पडतात, हे बेक्वेरेल यांनी १८९६ मध्ये दाखवले होते. मेरींनी या किरणांचे मोजमाप केले. पिचब्लेंड या खनिजातील किरण त्यातील युरेनियमच्या मानाने फार तीव्र आढळले. म्हणजेच त्यात एखादे अज्ञात मूलद्रव्य दडलेले असले पाहिजे! १८९८ मध्ये या दांपत्याने पोलोनियम व रेडियम ही दोन मूलद्रव्ये शोधली. नकाशावरून पुसल्या गेलेल्या मायभूमीचे नाव मेरींनी पहिल्याला दिले.

गळक्या छपराच्या शेडमध्ये कित्येक टन खनिज उकळून व ढवळून १९०२ मध्ये हाती आले ते केवळ एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराईड. तरीही या प्रक्रियेचे पेटंट त्यांनी घेतले नाही; ते ज्ञान सर्वांसाठी खुले ठेवले.

१९०३ च्या नोबेल पारितोषिकासाठी आरंभी मेरींचे नाव वगळले जाणार होते. पिएर यांनी आग्रह धरला, तेव्हा बेक्वेरेल यांच्यासह त्या दोघांना ते मिळाले. १९०६ मध्ये पिएर अपघातात गेले. दोन लहान मुलींचा सांभाळ करीत मेरींनी सोरबॉन विद्यापीठात त्यांचे अध्यापन पुढे चालवले. तेथे शिकवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. १९११ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेलही लाभले. पहिल्या महायुद्धात क्ष-किरण यंत्रांच्या गाड्या घेऊन त्या जखमी सैनिकांपर्यंत पोहोचल्या.

ज्या किरणांसाठी त्या झिजल्या, त्यांनीच त्यांचे रक्त क्षीण केले. ४ जुलै १९३४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या वह्या आजही किरणोत्सारी आहेत. विद्यापीठाने एकेकाळी नाकारलेली ती विद्यार्थिनी आज साऱ्या जगाची शिक्षिका ठरली आहे.